सामरीचं मुंडकं आणि आपण

भूत नसतं. आपल्या वस्तीतल्या चौथीतल्या पोरालाही हे माहीत आहे. मग भुताचे सिनेमे काढणाऱ्या माणसांवर या पानांची शाई का नासायची, असं कोणी विचारील, आणि विचारावंच. कारण साधं आहे. जयंतीच्या आठवड्यात बुधवार पेठेत पडदा लावून सिनेमे दाखवायचं ठरलं आणि पोरांनी जी यादी आणली तिच्यात रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' होता. त्यावरून दोन तास कडाक्याचं भांडण झालं. वडीलधारे म्हणाले, बाबासाहेबांनी देवासकट भुताला घराबाहेर काढलं आणि तुम्ही त्याला जयंतीच्या मांडवात बसवता काय? पोरं म्हणाली, तात्या, तुम्हीच तर तरुणपणी हे सिनेमे पिटात बसून शिट्ट्या मारत बघितले. तात्या गप्प झाले, पण पटलं म्हणून गप्प झाले नव्हते.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला अर्धवट वाटलं. भुताचा सिनेमा बघावा की नाही, हा प्रश्न फार वरवरचा आहे. खरा प्रश्न असा की भीती ही कोणाची मालमत्ता आहे? कोणाची भीती पडद्यावर दाखवली जाते, तिचे पैसे कोण मोजतं, आणि ती दाखवणारा माणूस बारा-पंधरा वर्षांनी परत आला तर त्याच्याकडून आपण काय मागावं?

आधी थोडा इतिहास, कारण आपल्याकडं या लोकांची टिंगल फार झाली आणि माहिती कमी दिली गेली. रामसे म्हणजे मूळचे रामसिंघानी, कराचीचे सिंधी. बापाचं तिथं रेडिओचं दुकान. फाळणीत सगळं सोडून मुंबईला आले, पुन्हा दुकान थाटलं, मग सिनेमात पैसे घातले. १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतो असा एक प्रसंग होता, आणि पोरांनी थिएटरात बसून बघितलं की पब्लिक तेवढ्या प्रसंगाला जागं होतंय. बाकी सिनेमा गेला खड्ड्यात, तेवढा प्रसंग धरा, असं सात भावांनी ठरवलं. एकानं कॅमेरा घेतला, एकानं आवाज, एकानं संकलन, एकानं पटकथा. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. घरच्या बायका स्वयंपाकाला. स्टुडिओचं भाडं परवडत नाही म्हणून सगळं लटांबर महाबळेश्वरला गेलं आणि 'दो गज जमीन के नीचे' तयार झाला. तो आला १९७२ साली.

१९७२! आपल्याला हे साल वेगळ्या कारणांनी पाठ आहे. त्या साली दलित पँथर निघाली, त्याच साली 'गोलपिठा' आला, आणि त्याच साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी या गोष्टींची उगाच मोट बांधत नाही. रामसेंना पँथरची खबर असण्याचं कारण नव्हतं, आणि पँथरलाही रामसेंशी देणंघेणं नव्हतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या साली एका बाजूला माणसं रस्त्यावर येऊन सांगत होती की आमच्या गावात खरीखुरी भयकथा चालली आहे, त्याच साली दुसऱ्या बाजूला भयाचा धंदा सुरू झाला, आणि दोघांचं गिऱ्हाईक बऱ्याच अंशी एकच होतं. गिरणीतला बदली कामगार, विडी वळणाऱ्या बाईचा पोरगा, हमाल, रिक्षावाला.

सोलापुरात हे सिनेमे भरून चालायचे. 'दरवाजा', 'हॉटेल', १९८४ चा 'पुराना मंदिर', १९८८ चा 'वीराना', १९९० चा 'बंद दरवाजा'. शहाण्यासुरत्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या तर त्या नाक मुरडून. बाल्कनी रिकामी आणि खालचा क्लास खचाखच, अशी ती दुनिया. दुसरी पाळी सुटल्यावर गिरणीतून थेट थिएटरला जाणारी माणसं मी बघितली आहेत. अंगावर कापसाचे तंतू तसेच. सामरी पडद्यावर आला की किंचाळायची, आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला जगदीपच्या विनोदाला खुर्च्या बडवायची.

आता त्याच सिनेमांना 'कल्ट' म्हणतात. २०१७ साली रामसेंवर इंग्रजीत एक आख्खं पुस्तक आलं. परदेशातले शौकीन त्यांच्या चकत्या जमवतात. कल्ट म्हणजे पंथ. मला विचारायचं आहे, हा पंथ काढला कोणी? ज्या माणसांनी रोजंदारीतले पैसे मोजून हे सिनेमे जगवले, त्यांच्या आवडीला तेव्हा गावंढळपणा म्हणत होते. तीच आवड पांढरपेशाच्या पोराला वीस वर्षांनी लागली की तिला पंथाचा दर्जा मिळतो. हे आपल्याला नवीन नाही. पोवाडा, हलगी, तमाशा, सगळ्यांचं असंच झालं. आपल्या अंगणातली गोष्ट दिवाणखान्यात गेल्याशिवाय तिला किंमत येत नाही आणि दिवाणखान्यात गेली की आपल्याला आत बोलावत नाहीत.

हे झालं धंद्याचं. आता तात्यांचा आक्षेप घेऊ. तो हलका नाही. या महाराष्ट्रात करणी-भानामतीच्या नावाखाली बायकांना मारहाण झाली आहे, डाकीण ठरवून जीव घेतले गेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एका माणसाच्या रक्तावर तो कायदा उभा आहे. असं असताना भुताचं मनोरंजन म्हणजे त्या रक्ताशी बेइमानी आहे का?

मला वाटतं, इथं दोन भीती वेगळ्या करायला हव्यात. थिएटरातल्या भीतीला दार असतं. तीन तासांनी ते उघडतं, बाहेर भज्याची गाडी असते, आणि माणूस हसत घरी जातो. गावातल्या भीतीला दार नसतं. आणि गावातली भीती सिनेमानं पैदा केलेली नाही. सिनेमाच्या आधी हजार वर्षं ती गावगाड्यात मुरलेली आहे. तिला जात आहे. हसू नका, भुतांनाही जात आहे! मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत मेलेला बामणाचा पोरगा. तो पिंपळावर राहतो. ब्रह्मसमंध बामणाचा, धनाची राखण करणारा. आणि खवीस? तो मुसलमानाचा, नाहीतर महारा-मांगाचा, अशी जुनी समजूत. बाळंतपणात मेलेली बाई अलवंत होते, हडळ होते. म्हणजे माणूस मेला तरी त्याची पायरी सुटत नाही. वरच्या जातीचं भूत झाडावर, धनावर. आपलं भूत गावकुसाबाहेर, अंगावर येणारं, ओंगळ. चातुर्वर्ण्य मसणवट्यातही शाबूत ठेवणारी ही बुद्धी कोणाची, हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक. रात्रीच्या अंधारात गावाच्या वेशीवर कोण असायचं? येसकर असायचा. मेलेलं ढोर ओढायला कोण? मयताची खबर घेऊन रानातनं, ओढ्यातनं, अमावस्या का असेना, दहा-दहा कोस कोण जायचं? सरणाची लाकडं कोण वाहायचं, मयतावरचं कापड कोणाच्या वाट्याला यायचं? ज्या अंधाराला वाड्यातली माणसं दार लावून भीत होती, त्या अंधारात आपला आजा नोकरीला होता. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली तोवर ही चाकरी कागदावर होती. माझ्या आज्याला कोणी विचारलं, भुताची भीती नाही का वाटत, तर तो म्हणायचा, भूत एकदा भेटू दे, पाटलापरीस बरं बोलंल. मला वाटतं, पिटातल्या त्या हसण्यामागं हेही होतं. वाड्यातल्या ठाकूरला घाम फुटलेला बघून यांना मजा वाटायची.

१९५६ साली नागपुरात जे झालं त्यात भुताचाही निकाल लागला, हे आपण विसरतो. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही शपथ बावीस प्रतिज्ञांत आहे. हिंदूंचं भूत हे बहुतेक न मिळालेल्या पिंडाचं भूत असतं. ज्या घरानं पिंडच बंद केला तिथं भुताला ताट कोण वाढणार? तेव्हा आपल्या पोरांनी 'पुराना मंदिर' बघितला म्हणून ती मांत्रिकाकडं पळतील, ही काळजी मला नाही. आपल्या पायाखालची जमीन तीन तासांच्या सिनेमानं सरकत असेल तर ती जमीनच कच्ची होती म्हणायची.

माझी तक्रार वेगळीच आहे. रामसेंच्या सिनेमात भुतापेक्षा मला भुतावरचा उपाय खटकतो. सामरीचं मुंडकं ज्या पेटीत कोंडलं तिच्यावर त्रिशूळ ठोकलेला असतो. म्हणजे रोग काल्पनिक आणि औषध मात्र खरोखरीचं, गल्लीच्या कोपऱ्यावर मिळणारं! भूत घरी येत नाही, थिएटरातच राहतं. पण त्रिशूळावरचा भरवसा माणसाबरोबर घरी येतो. तात्यांनी हा मुद्दा काढला असता तर मी त्यांच्या बाजूनं भांडलो असतो.

आता सामरीकडं येऊ. ज्यांनी 'पुराना मंदिर' बघितला नाही त्यांच्यासाठी: दोनशे वर्षांपूर्वी एक राजा सामरी नावाच्या सैतानाला पकडतो. सामरी तंत्रसाधना करणारा, प्रेतं खाणारा, खुनी. राजा त्याचं मुंडकं उडवायची शिक्षा देतो. धड मंदिराच्या आवारात, मुंडकं हवेलीत, दोन्ही कधी एक होऊ नयेत असा बंदोबस्त. मरताना सामरी शाप देतो की राजाच्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मग आजच्या काळात त्या घराण्यातला ठाकूर आपल्या पोरीला प्रेम करू देत नाही, कारण लग्न झालं, मूल झालं की ती मरणार. पोरगा गरीब. म्हणजे मुलीवर पहारा, गरीब जावई नको, हे सगळं आहे. फक्त जात हा शब्द नाही, त्याच्या जागी शाप हा शब्द आहे.

आमच्यातला एक हुशार मित्र म्हणाला, अरे, हा तर शंबूक आहे! तप करणाऱ्याचं मुंडकं राजानं उडवलं. सामरी आपला आहे. आपण सामरीच्या बाजूनं सिनेमा बघायचा.

ही कल्पना पहिल्या घोटात झकास लागते. अशा गोष्टी आपण पूर्वीही केल्या. त्यांनी ज्याला राक्षस म्हटलं त्याला आपण आपला पूर्वज म्हटलं, बळीराजाला डोक्यावर घेतलं, आणि त्यात खरेपणा होता. पण इथं मी थांबतो. शंबूकानं काय केलं होतं? काही नाही. तप केलं, एवढाच गुन्हा. सामरी मात्र नव्या नवऱ्या मारतो, प्रेतं खातो. सिनेमावाल्यानं मुंडकं उडवण्याआधी त्याच्या पदरात इतके गुन्हे टाकले आहेत की शिक्षा बघताना कोणाला प्रश्नच पडू नये. हीच तर खरी चलाखी आहे! आपण जर उठून म्हणालो की सामरी आमचा, तर त्यांनी लिहिलेला तो सगळा गुन्ह्यांचा पाढा आपण आपल्या नावावर लावून घेतला. आम्हाला राक्षस ठरवलंत ना, मग घ्या, आम्ही राक्षस. ऐकायला विद्रोही वाटतं. पण आपला नकार असा नव्हता. आपण माणूस आहोत, एवढंच बाबासाहेब आयुष्यभर सांगत होते. त्यांनी दिलेलं भुताचं सोंग अंगावर चढवून नाचायचं आणि त्याला बंड म्हणायचं, हे मला मान्य नाही. सामरीचं मुंडकं सामरीलाच लखलाभ.

मग प्रश्न कुठला विचारायचा? मी सांगतो, आणि त्यासाठी सोलापूरच्या बाहेर जायला नको. आपल्या गावात एका भागाचं नाव आजही सेटलमेंट आहे. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, काहीतरी इंग्रजी कॉलनीचं नाव असेल. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पारधी, कैकाडी, मांगगारुडी अशा जमातींची आख्खी बिऱ्हाडं तारेच्या कुंपणात आणून टाकली. हजेरी. परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. याच माणसांना गिरण्यांत कामाला लावलं. जन्मलेलं पोर जन्मतःच गुन्हेगार, दात यायच्या आधी! स्वातंत्र्य १९४७ ला आलं, यांचं कुंपण १९५२ ला तुटलं. पाच वर्षं उशिरा. सामरीला निदान दरबारात उभं करून शिक्षा सुनावली. यांना कोणत्या गुन्ह्याबद्दल उभं केलं? सरकारनं कायद्यानं भूत बनवलेली ही माणसं होती, आणि त्यांची पोरं त्याच थिएटरात बसून सामरीला भीत होती. आजही गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुठं जातात, ते पारध्याच्या पालावर विचारा. कुंपण काढलं, शाप काढला नाही. तेव्हा सामरी निर्दोष होता का, हा प्रश्न सोडून द्या. राजाला हा असा राक्षस पुन्हा पुन्हा का लागतो, ते विचारा.

आणि बायकांबद्दल. ठाकूरच्या घरच्या बाया बाळंतपणात मरतात म्हणून अडीच तासांचा सिनेमा होतो. आपल्या वस्त्यांत, तांड्यांवर, पालांवर बाया बाळंतपणात मरत होत्या तेव्हा कोणाचा शाप होता? दवाखाना लांब, रस्ता नाही, आणि पोटात आठवा महिना असताना डोक्यावर विटा. त्या मेल्या आणि वर हडळ झाल्या! मेलेल्या बाईवर असा सूड उगवणारा समाज दुसरीकडं असेल तर दाखवा. रामसेंनी या बाबतीत काही उजेड पाडला नाही. उलट अंघोळीच्या बायका आणि पांढरे झगे यांच्यावर कॅमेरा रेंगाळत ठेवून धंदा केला, हे सांगितलं पाहिजे. आवडत्या माणसाची उणी बाजू झाकायची सवय आपल्याला लागू नये.

१९९० नंतर हवा बदलली. दूरदर्शनच्या जोडीला केबल आली, १९९३ पासून झी टीव्हीवर रामसेंचाच 'हॉरर शो' घराघरांत सुरू झाला. ज्या भीतीसाठी माणूस चार पैसे मोजून शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसत होता, ती आता एकट्यानं गोधडीत बसून फुकट मिळू लागली. मोठ्या पडद्यावरून ते जवळजवळ अंतर्धान पावले. इकडं सोलापुरात गिरण्या एकेक करून थंड पडल्या. पिटात बसणारा माणूस दुसरी पाळी सुटून येत होता. पाळीच राहिली नाही.

मग २००३ साली श्याम रामसे 'धुंद' घेऊन परतला. लक्षात घ्या, त्याच साली राम गोपाल वर्माचा 'भूत' आला, त्याच्या आदल्या वर्षी 'राज'. वर्माच्या सिनेमात भूत मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये होतं. भुतानं घर बदललं होतं. हवेलीची भीती संपून फ्लॅटची भीती आली होती, म्हणजे ज्याच्याकडं फ्लॅट आहे त्याची भीती. 'धुंद' चालला नाही. श्यामनं त्यानंतरही 'घुटन' वगैरे करून बघितले. २०१८ च्या डिसेंबरात तुलसी गेला, २०१९ च्या सप्टेंबरात श्याम. वर्तमानपत्रांनी तेव्हा चांगले लेख लिहिले. नाक मुरडणाऱ्यांनीसुद्धा.

परत येणारा माणूस, हा विषय मला सिनेमापलीकडं छळतो. आपल्या चळवळीतही माणसं परत येतात. दहा-पंधरा वर्षं कुठं होते कळत नाही. कोणी नोकरीत, कोणी पक्षात, कोणी नुसताच थकून घरी. मग एके दिवशी सभेत मागच्या सतरंजीवर येऊन बसतात. तरुण पोरं विचारतात, इतके दिवस कुठं होता? मला हा प्रश्न कोता वाटतो. माणूस थकतो, पोटामागं लागतो, त्याचा हिशेब मागायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पण दुसरा प्रश्न विचारायचा अधिकार आहे: येताना काय बघून आलात? ज्या माणसांसाठी तुम्ही पूर्वी बोलत होता ती आता कुठं राहतात, काय खातात, कशाला भितात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? श्याम रामसे परतला तेव्हा त्याचं कसब शाबूत होतं. पण ज्याच्यासाठी तो सिनेमा काढायचा तो माणूस थिएटरातून उठून गेला होता, आणि तो का उठला याचा पत्ता त्यानं घेतला नव्हता. परत येताना जुना आवाज तसाच घेऊन यायचा आणि समोरची सतरंजी रिकामी का म्हणून रागवायचं, हे आपल्याकडच्या किती भाषणांत दिसतं ते तुम्हीच मोजा.

दुसरं उदाहरण जवळचं, मराठी माणसाचं. राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला. त्याआधी कित्येक वर्षं तो अर्धवट पडून, पुन्हा उभा राहून, पुन्हा चित्रित होऊन आला होता. पहिल्या खेपेला बेताचाच चालला. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. म्हणजे इथं माणसाआधी सिनेमाच परत आला. आणि यात रामसेंपेक्षा एक मोठी उडी आहे, ती मान्य केली पाहिजे. सामरी बाहेरचा होता, घराण्यावर आलेला. 'तुंबाड'चा हस्तर वाड्याच्या पोटात आहे. राक्षस वाड्यातच आहे, त्याची भूक हीच घराण्याची भूक आहे, आणि जानवं घातलेला विनायक त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढत बसतो. वरच्या जातीच्या घरानं स्वतःच्या हावेकडं इतक्या उघड्या डोळ्यांनी बघितल्याचं हिंदी सिनेमात मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

तरी एक खोट राहते. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलं, आणि कोकणात खोत म्हणजे काय हे ज्यांच्या पणज्यानं भोगलं त्यांना विचारा. खोताकडं सोनं कुठून आलं? हस्तरच्या लंगोटीतून आलं नाही. कुळाच्या खळ्यावरून आलं. भाताचं माप, वर वेठ, वर खोताच्या घरचं फुकट काम. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं संप केला तो याच खोतांविरुद्ध. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, १० जानेवारी १९३८ ला हजारो कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, आणि खोती कायद्यानं जायला १९४९ साल उजाडलं. सिनेमा १९१८ ते १९४७ याच काळात घडतो. या तीस वर्षांत बाहेर पाऊस कोसळतो आहे, आणि त्या पावसात कमरेएवढ्या चिखलात भात लावणारं एकही माणूस पडद्यावर नाही. हाव दाखवली, पण ज्याच्या ताटातून ओढलं तो दाखवला नाही. सोनं दैवी झालं की चोरीची फिर्याद करायला कोणी उरत नाही. बर्वे गुणी माणूस आहे, आणि गुणी माणसाकडूनच मागायचं असतं. 'तुंबाड'नंतर तोही बरीच वर्षं पडद्यावर नव्हता. तो पुढच्या वेळी येताना त्या भाताच्या चिखलातून येवो, एवढं म्हणायला आपल्याला कोणाची परवानगी नको.

आणि खरी भीती कशी दाखवायची याचा धडा हवा असेल तर तो आपल्याच जिल्ह्यात आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेनं २०१६ साली 'सैराट' काढला. शेवटच्या प्रसंगात आवाज बंद होतो. ना घंटा, ना किंचाळी, ना दाराची करकर. एक लहान पोर घरात जातं, बाहेर येतं, आणि त्याच्या पावलांचे ठसे उमटत जातात. भाऊ आणि माहेरची माणसं चहा पिऊन गेलेली असतात. सामरीला भिणारा माणूस थिएटराबाहेर येऊन भजी खात होता. 'सैराट' बघून आलेली माणसं गाडीतळावर मुकाट उभी होती, हे मी बघितलं. कोणी कोणाला विचारत नव्हतं की सिनेमा कसा वाटला. पोरीवरचा पहारा दोन्ही सिनेमांत आहे. एकात त्याचं कारण दोनशे वर्षांपूर्वीचा शाप, दुसऱ्यात ज्याला आपण रोज नमस्कार करतो असा पाहुणा.

म्हणून 'पुराना मंदिर' दाखवायला माझी हरकत नव्हती. दाखवा, आणि संपल्यावर दिवे लावून अर्धा तास बसा, एवढीच माझी अट होती. त्रिशूळाबद्दल बोला, सेटलमेंटबद्दल बोला, बाळंतपणात गेलेल्या आपल्या आज्यांची नावं घ्या.

आणखी एक काम सुचवतो. या सिनेमांवर पुस्तकं निघाली, पण ज्यांनी पिटात बसून ते चालवले त्या माणसांची साक्ष कोणी घेतलेली नाही. प्रभातला, भागवतला खालच्या क्लासात बसणारे गिरणी कामगार अजून आपल्यात आहेत, सत्तरी-पंचाहत्तरीचे. विडी वळताना सामरीची आख्खी गोष्ट सांगणाऱ्या मावश्या आहेत. ते कशाला हसले, कशाला भ्याले, तिकिटाचे पैसे कुठून आणले, मयताची खबर घेऊन रात्रीचे कुठून कुठं चालले, हे त्यांना विचारलं पाहिजे. त्याला कॅमेरा लागत नाही, वही आणि पेन्सिल पुरते. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांनी दोघा-दोघांनी एकेक गल्ली वाटून घ्यावी. तात्यांपासून सुरुवात करा. ते सुरुवातीला नाही म्हणतील.